नऊशे आठ किलोमीटर आणि वडिलांची वही

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या घरी नवी गाडी आली : मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा, स्ट्राँग हायब्रिड प्रकारातली. दीड लिटरचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, त्याच्या जोडीला विजेची मोटर आणि मागच्या बाजूला ०.७६ युनिटची छोटी लिथियम आयन बॅटरी, असा तिचा संसार आहे. ही गाडी घरच्या प्लगला लावून चार्ज करावी लागत नाही, किंबहुना करताच येत नाही. माहितीपत्रकात तिचे इंधनमान लिटरमागे २७.९७ किलोमीटर असे छापलेले होते आणि तो आकडा आमच्या घरात सर्वांना तोंडपाठ झाला होता.

माझ्या वडिलांच्या स्कूटरच्या डिकीत एक लहानशी वही असे. तारीख, किलोमीटर, लिटर आणि रुपये असे चार रकाने त्यांनी हाताने आखलेले असत, आणि पेट्रोल भरल्यावर ती नोंद केल्याशिवाय ते स्कूटरला किक मारत नसत. त्या वहीची अर्धी पाने कोरी राहिली होती. नव्या गाडीची नोंद मी त्यांच्याच वहीत पुढे सुरू केली. पहिल्या तीन आठवड्यांची ओळ अशी आहे : ३८६ किलोमीटर, २२.८ लिटर, म्हणजे लिटरला १६.९. हा आकडा पाहून घरातले सगळेच खट्टू झाले. शेजारपाजारचे, कचेरीतले, नात्यातले असे जो भेटेल तो "ॲव्हरेज किती देते?" असे विचारत होता आणि मला उत्तर देववत नव्हते. गाडीत दोष असावा, असे यजमानांचे मत पडले. मला मात्र आधी आकडा नीट समजून घ्यायचा होता. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूर, आंबोली आणि मालवण असा पाच दिवसांचा प्रवास ठरवला तेव्हा मी एक अट घातली, की ज्या पंपावर टाकी भरून निघायचे, परत येऊन त्याच पंपावर ती भरायची आणि मधला प्रत्येक थेंब वहीत लिहायचा.

आम्ही कोथरूडला वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहतो. या टेकडीच्या एका भागाला सगळे पुणेकर एआरएआय टेकडी म्हणतात, कारण १९६६ साली स्थापन झालेली 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही गाड्यांची चाचणी करणारी संस्था तिथेच आहे. देशात कुठेही तपासलेला असला तरी माहितीपत्रकातल्या इंधनमानाच्या प्रमाणित आकड्याला लोक 'एआरएआय मायलेज' म्हणतात, इतके ते नाव रूढ झाले आहे. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडीची चाके जागच्या जागी रोलरवर फिरवतात आणि ठरवून दिलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त करतात. त्या क्रमात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, एसी बंद असतो, आणि समोर वारा नसतो की घाट नसतो. हे नियम सर्व गाड्यांना सारखेच असतात, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा अगदी योग्य आहे. आपल्या रस्त्यावर आपल्याला किती मिळेल, हे सांगण्यासाठी तो मुळात काढलेलाच नाही, ही गोष्ट मला माहिती होती. पण ती अंगात मुरायला हा प्रवास घडावा लागला.

पहिला दिवस : पुणे ते कोल्हापूर

पहाटे साडेपाचला वारज्याच्या पंपावर आमचीच गाडी पहिली होती. नळी आपोआप बंद होते त्या पहिल्या 'कट'ला थांबायचे, वर रुपये पूर्ण करण्यासाठी आणखी भरायचे नाही, हा नियम मी पंपावरच्या मुलाला समजावून सांगितला. अकरावीत शिकणाऱ्या मुलीकडे वही दिली. सासूबाई मागच्या आसनावर शाल पांघरून बसल्या होत्या आणि डिक्कीत चौघांचे सामान होते. निघण्यापूर्वी चारही चाकांतली हवा तपासली होती, आणि हे काम चाके थंड असतानाच करावे लागते, कारण गाडी चालून टायर तापले की दाब वाढलेला दिसतो. थंडीच्या दिवसांत याकडे जास्त लक्ष द्यावे. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की दाब साधारण एक पीएसआय कमी होतो, आणि मऊ टायर गुपचूप पेट्रोल खातो.

साताऱ्यापर्यंत मी नेहमीसारखी, म्हणजे ताशी ९५ ते १०० वेगाने गाडी चालवली. पुण्याहून जाताना खंबाटकी चढावा लागतो. त्या चढणीवर गाडीतल्या पडद्यावरचा ॲव्हरेजचा तात्कालिक आकडा आठ-नऊवर येऊन चिकटला आणि शेजारचा, ऊर्जा खर्च होते आहे की भरली जाते आहे ते दाखवणारा काटा 'पॉवर'च्या पट्ट्यातून हलेना. साताऱ्याला न्याहारीसाठी थांबलो तेव्हा १०८ किलोमीटर झाले होते आणि पडदा १९.४ दाखवत होता. कंदी पेढ्यांची खरेदी झाल्यावर मी पुढच्या टप्प्यासाठी वेग ८० वर बांधून घेतला. कराडच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याची कामे चालू होती, वळणमार्गांवर ट्रक एकामागे एक लागलेले होते आणि वीस-तीसच्या वेगाने सरकत पुष्कळ वेळ गेला. एरवी अशा वेळी माझा जीव पेट्रोलसाठी तुटला असता. आता मात्र इंजिन बंद होते, गाडी मोटरवर पुढे सरकत होती आणि मुलगी पडद्याकडे पाहत मोठ्याने आकडे वाचत होती : बावीस, तेवीस, पंचवीस. कोल्हापुरात पोहोचलो तेव्हा या १३० किलोमीटरच्या टप्प्यावर पडदा २६.२ दाखवत होता.

इथे माझी एक जुनी समजूत मोडली. 'हायवेला ॲव्हरेज जास्त, गावात कमी' हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि साध्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत ते बरोबरही आहे, कारण गावातल्या गर्दीत तिचे इंजिन उभ्या उभ्या जळत राहते आणि ब्रेक दाबला की गतीतली सगळी ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. हायब्रिड गाडी गर्दीत इंजिन बंद ठेवते आणि ब्रेक मारताना मोटरचे जनित्र करून त्या ऊर्जेतला बराचसा भाग बॅटरीत परत घेते. मोकळ्या महामार्गावर ब्रेकच लागत नाही, म्हणून परत घ्यायलाही काही उरत नाही. शिवाय हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० ऐवजी १०० ने गेल्यास प्रत्येक किलोमीटरला हवेशी करावे लागणारे झुंजणे सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. अर्थात दोन टप्प्यांतला सगळा फरक वेगाचा नव्हता. पहिल्यात थंड इंजिन आणि खंबाटकीचा चढ होता, आणि दुसऱ्यात साताऱ्याकडून कोल्हापूरकडे रस्ता एकंदरीत उतरत जातो, हेही धरले पाहिजे.

कोल्हापुरात टाकी भरली. २३८ किलोमीटरला ११.१२ लिटर, म्हणजे २१.४. पडदा त्याच अंतरासाठी २२.६ म्हणत होता. पडद्यावरच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नये, असे मी ऐकले होते. किती विसंबू नये, हे आता मोजता आले. संध्याकाळी अंबाबाईचे दर्शन झाले आणि रात्री तांबडा-पांढरा रस्सा. पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी सासूबाईंनी स्वतःहून मागून घेतली, ही या दिवसाची मोठी बातमी.

दुसरा दिवस : कोल्हापूर ते आंबोली

गळिताचा हंगाम ऐन भरात होता. कागल, निपाणी, उत्तूर, आजरा या रस्त्यावर दर दोन-तीन किलोमीटरला उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या भेटत होत्या, आणि त्यांच्या मागे बैलगाडीच्या वेगाने जावे लागत होते. रस्त्यापासून थोडे आत एक गुऱ्हाळ दिसले, म्हणून उतरलो.

काहिलीत रस उकळत होता आणि वर पिवळट फेस चढत होता. एक माणूस लांब दांड्याच्या झाऱ्याने मळी काढत होता, दुसरा चुलवाणाच्या तोंडाशी बसून वाळलेले चिपाड मूठ-मूठ आत सारत होता. गुळव्या साठीचा असेल. त्याने झाऱ्यावरून पाकाचा थेंब पाण्याच्या वाटीत सोडला, दोन बोटांनी त्याची गोळी वळली, ती वाटीच्या कडेवर टकटक वाजवून पाहिली आणि काही न बोलता मान हलवली. त्यानंतर दोन मिनिटांत काहील उतरली आणि सोनेरी पाक वाफ्यात धावला. एवढ्या कमी शब्दांत चाललेले काम मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

"जाळ एकसारका लागतोय बगा," तो सासूबाईंना सांगत होता. "जास्त झाला की गूळ काळा पडतोय, कमी झाला की रवा धरत न्हाई." मग गाडीकडे पाहून त्यानेही विचारलेच, "ॲव्हरेज किती देतीय?"

ज्या उसाचा रस काहिलीत, त्याच उसाचे चिपाड चुलवाणात, ही रचना पाहून मला आमच्या गाडीची बॅटरी एकदम नीट कळली. चिपाड फुकटचे असते असे वाटते, पण ते उसाबरोबरच शेतातून आलेले असते. बॅटरीतली वीजही फुकटची नाही. ती सगळी मुळात टाकीतल्या पेट्रोलमधूनच आलेली असते. कधी इंजिनाने सरळ भरलेली, कधी गाडीला आलेली गती ब्रेकच्या वेळी परत मिळालेली. फेकून द्यायचे ते चुलीत घालणे एवढेच या तंत्राचे काम आहे, आणि ते पुष्कळ आहे. मात्र ब्रेक कसा दाबता यावर बरेच अवलंबून असते. पुढे ट्रॉली दिसताच लांबूनच पाय उचलला आणि ब्रेक हलका व दीर्घ दाबला, की काटा 'चार्ज'च्या पट्ट्यात टिकून राहतो. जवळ जाऊन कचकन दाबला, की काम नेहमीच्या ब्रेकच्या घर्षणाकडे जाते आणि ती ऊर्जा गेली ती गेलीच. ट्रॅक्टरच्या मागे मागे जाताना या हलक्या ब्रेकचा मला दिवसभर सराव झाला.

गुळाचे दोन रवे, म्हणजे ढेपा, आणि आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला. बिनपॉलिशचा, बारीक दाण्याचा हा सुगंधी तांदूळ २०१६ पासून भौगोलिक मानांकनाचा मानकरी आहे, आणि तो शिजताना स्वयंपाकघराबाहेरच्या माणसालाही कळते. आजऱ्याच्या पुढे रस्ता जंगलातून जातो, त्यामुळे टाकीकडे आजऱ्यातच पाहून घ्यावे.

आंबोलीला पोहोचेपर्यंत १२२ किलोमीटर झाले होते, पडदा २५.८ दाखवत होता, आणि एका साध्या तालुक्याच्या रस्त्याने महामार्गाला मागे टाकले होते. संध्याकाळी हिरण्यकेशीच्या उगमाशी गेलो. गुहेतून येणाऱ्या पाण्यात पाय बुडवले तर घोट्यापर्यंत कळ गेली. रात्री इतकी थंडी होती की खानावळीतल्या मावशींनी जेवताना आमच्या पायाशी शेगडी आणून ठेवली.

तिसरा दिवस : आंबोली घाट, सावंतवाडी, मालवण

सकाळी दरीत पांढरे ढग भरलेले होते. घाट उतरायला लागलो तेव्हा बॅटरीच्या चित्रात निम्म्याच पट्ट्या होत्या, आणि आता उतारावर ती काठोकाठ भरणार म्हणून मुलगी आनंदात होती. तशी ती भरलीही, आणि तीही पहिल्या काही वळणांतच. त्यानंतर अचानक इंजिनाचा आवाज वाढला. मी पाय कुठेच दाबलेला नव्हता.

"अगं, काही बिघडलं का? थांबव गाडी," सासूबाई म्हणाल्या.

काही बिघडलेले नव्हते. गाडी, आम्ही चौघे आणि सामान मिळून सुमारे १६०० किलो वजन होते. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर आहे आणि सावंतवाडी शंभराच्या आसपास. मुलीने अकरावीच्या पुस्तकातले सूत्र लावून हिशेब केला, तर एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना सुमारे अडीच युनिट ऊर्जा सुटते असे निघाले. आमची बॅटरी सगळी मिळून पाऊण युनिटची, आणि तीही गाडी कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही. नदी वाहते आहे आणि आपल्या हातात तांब्या आहे, असा हा प्रकार होता. तांब्या भरल्यावर उरलेली ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते, म्हणून गाडी पेट्रोल न जाळता इंजिन नुसते फिरवते आणि त्याच्या अडथळ्याने वेग आवरते. गिअरच्या दांड्यावर 'बी' अशी खूण आहे, ती याचसाठी. लांब उतारावर 'बी' घालावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. सपाट रस्त्यावर मात्र तो घालून पेट्रोल वाचत नाही. हे समजावून सांगितल्यावर सासूबाई निश्चिंत झाल्या आणि पुढचा घाट त्यांनी माकडे मोजण्यात घालवला.

सावंतवाडीला मोती तलावाच्या काठी कोकम सरबत घेऊन टाकी भरली. १५४ किलोमीटरला ५.५८ लिटर, म्हणजे २७.६! मुलगी पंपावरच उडी मारून म्हणाली, "आई, माहितीपत्रक जिंकलं!" यजमानांनी तर लगेच वहीचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला. मला तो आनंद मोडायचा नव्हता, पण वहीशी खोटे वागायचे नाही, हे वडिलांनी शिकवले होते. या आकड्यात दोन गोष्टी लपलेल्या होत्या. एक म्हणजे आम्ही सुमारे पावणेसहाशे मीटर उंची खर्चून खाली आलो होतो आणि ती उंची परतताना विकत घ्यावी लागणार होती. दुसरी मोजमापाची. पंपाची नळी कुठे कट होते यात अर्ध्या लिटरचा फरक सहज पडू शकतो. साडेपाच लिटर भरताना तो फरक नऊ टक्क्यांचा असतो, चाळीस लिटर भरताना एका टक्क्याच्या आसपासचा. म्हणून थोडेसे पेट्रोल भरून काढलेले ॲव्हरेज कोणालाही सांगू नये आणि कोणी सांगितले तर त्यावर फार विश्वास ठेवू नये. सलग हिशेब ठेवला तर मधल्या भरण्यांतल्या चुका एकमेकींना खोडतात, आणि फक्त पहिल्या व शेवटच्या भरण्याची चूक उरते.

लाकडी खेळण्यांच्या दुकानात तासभर गेला. पुढे कुडाळवरून मालवणला उतरलो. घरगुती निवासाच्या दारात काकू उभ्याच होत्या. "खयसून इलात?" असे विचारून उत्तराची वाट न पाहता त्या म्हणाल्या, "आधी जेवक बसा." बांगड्याचे तिखले, भात, आणि काचेच्या ग्लासात गुलाबी सोलकढी. आंबोलीची थंडी चार तासांपूर्वीची होती, यावर विश्वास बसू नये इतका इथे घाम येत होता.

चौथा दिवस : मालवण

या दिवशी गाडी फार चालली नाही, पण शिकवून फार गेली. सकाळी घावणे आणि नारळाचा रस खाऊन आम्ही सिंधुदुर्ग पाहायला निघालो. सासूबाईंना होडीची भीती वाटते. त्या धक्क्याजवळ गाडीतच बसल्या आणि त्यांच्यासाठी यजमान थांबले. ऊन चढल्यावर त्यांनी एसी लावला. हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही थंड हवा येत राहते. पण बॅटरी उतरली की दर काही मिनिटांनी इंजिन आपोआप सुरू होते, थोडी वीज भरते आणि पुन्हा बंद होते. उभ्या गाडीचे अंतर शून्य आणि पेट्रोल मात्र चालू. आम्ही किल्ल्यावरून परतलो तेव्हा पडद्यावरचा टप्प्याचा आकडा २४.९ वरून २३.२ वर आला होता, आणि यजमानांनी तो मला अपराध्यासारखा दाखवला. मी म्हटले, आई उन्हात बसल्या नाहीत, हे त्या पेट्रोलचे खरे काम झाले.

दुपारी तारकर्ली आणि देवबागच्या चिंचोळ्या रस्त्यावर याच्या उलट घडले. एका बाजूला माड, दुसऱ्या बाजूला कुंपणे, समोरून पर्यटकांच्या गाड्या, आणि वेग जेमतेम वीस. त्या फेरीत निम्म्याहून जास्त वेळ इंजिन लागलेच नाही. काच खाली केली तर समुद्राची गाज ऐकू येत होती.

संध्याकाळी काकूंचा मुलगा ओटीवर येऊन बसला. तो रिक्षा चालवतो. त्याच्या तोंडी लिटरमागे किलोमीटर हा हिशेबच नव्हता. रोज सकाळी किती रुपयांचे भरले आणि रात्री घरी किती रुपये आले, एवढेच तो पाहतो. "चढाचा भाडा असला तर मी आधीच सांगतंय," तो म्हणाला. चढाचे भाडे वेगळे, हे त्याला कोणत्याही सूत्राशिवाय माहीत होते.

पाचवा दिवस : फोंडाघाटाने परत

सकाळी कणकवलीला टाकी भरली : १६४ किलोमीटर, ७.०५ लिटर, २३.३. पडदा २४.६ म्हणत होता. तीन वेळा मोजून झाल्यावर आता खात्री पटली, की आमचा पडदा दर वेळी पाच-साडेपाच टक्क्यांनी उदार असतो. ही उदारता ठरावीक असल्याने त्याचा उपयोग होतो. टप्प्या-टप्प्यांची तुलना पडद्यावर करावी आणि खरा आकडा पंपावर काढावा.

मग फोंडाघाट चढायला सुरुवात केली. उतरताना सोडलेली अडीच युनिटे आता परत भरायची होती. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. आता पंपांवर मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असल्यामुळे मिश्रणात ती सहा-सात टक्क्यांनी कमी होते. त्यातही चांगले इंजिन चाकांपर्यंत फार तर ३५ ते ४० टक्के पोहोचवते. म्हणजे फक्त उंची चढण्यासाठी पाऊण ते एक लिटर जादा. पडद्यावरचा आकडा घसरत घसरत अकरावर आला, तेव्हा या वेळी गाडीत कोणीही खट्टू झाले नाही.

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीशी एक एसटी उभी होती आणि तिचे चालक चहा घेत होते. आमची वही पाहून त्यांनी कुतूहलाने हातात घेतली. एसटीत दहा लिटरला किती किलोमीटर, असा हिशेब असतो आणि त्याला सगळे 'केपीटीएल' म्हणतात, हे त्यांच्याकडून कळले. "घाटातल्या गाडीचा आकडा सपाटीच्या गाडीला लावला तर भांडणंच होतील की ताई," ते म्हणाले. सव्वीस वर्षे त्यांनी कोकण आणि देश यांच्यामधले घाट चढून-उतरून काढले होते. पुढचे वळण दिसण्याआधीच पाय उचलायचा, ब्रेकला काम ठेवायचे नाही, असे त्यांनी चहाचा पेला कलता करून, हाताने वळण दाखवून सांगितले. त्यांच्या गाडीत मोटर नव्हती की बॅटरी नव्हती.

दाजीपूरच्या जंगलात रस्त्यालगत दोन गवे उभे होते. आम्ही लांब थांबलो, इंजिन आपोआप बंद झाले, आणि त्या शांततेत ते दोघे अगदी सावकाश रस्ता ओलांडून गेले. या रस्त्याने जाणाऱ्यांनी तिन्हीसांजेच्या आत घाट ओलांडावा. गवे गडद रंगाचे असतात आणि अंधारात दिसत नाहीत. राधानगरीला शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचे पाणी दुरून पाहिले. तिथे थांबायला हवे होते, पण उशीर झाला होता. कोल्हापूरपासून पुढे त्या उशिराची किंमत मोजली. वेग सतत शंभर, आणि आकडा हळूहळू खाली.

रात्री साडेदहाला वारज्याच्या पंपावर पोहोचलो. नळी तीच, पहिला कट तोच. कणकवलीपासून ३५२ किलोमीटर, १६.९० लिटर, २०.८. मुलीने गाडीच्या दिव्यात बेरीज केली : ९०८ किलोमीटर, ४०.६५ लिटर, लिटरला २२.३. जितके चढलो तितकेच उतरून आम्ही निघाल्या जागी परत आलो होतो, म्हणून या आकड्यात उंचीची उधारी नव्हती.

राहिला तो पहिल्या तीन आठवड्यांचा १६.९. घर ते बँक तीन किलोमीटर, मग चार तास गाडी थंड, मग बाजारात दोन किलोमीटर, पुन्हा थंड. दर वेळी थंड इंजिन आधी स्वतःला तापवून घेते आणि ते तापेपर्यंत मुक्काम येतो, त्यामुळे हायब्रिडचा खरा फायदा सुरू होण्याआधीच प्रवास संपतो. दोष गाडीत नव्हता. परत आल्यापासून बँकेतून येतानाच भाजी आणि औषधे घेऊन येते, आणि दोन किलोमीटरच्या आतले काम पायी करते. वहीतली पुढची ओळ अशी आहे : ४१२ किलोमीटर, २०.९ लिटर, १९.७.